आक्काचे गुरुवार

आक्काला काहीतरी झालं असावं, ही शंका सगळ्यात आधी आली ती शिर्डीतल्या एका थाई हॉटेलवाल्याला. शेजाऱ्यांना नाही, पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाला नाही, आणि उभा जन्म एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढलेल्या, नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखणाऱ्या मला तर नाहीच नाही. मी श्रीरामपुरात घरी पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. फोन वाजला. "काका, प्रशांत बोलतोय शिर्डीवरनं. आजी आज आल्या न्हाईत." मी म्हटलं, ऊन आहे, कंटाळा केला असेल. तर म्हणाला, "गुरुवार हाय काका. आजी कंटाळा करनाऱ्यातल्या हाईत का? तुमी कुनाला तरी पाठवा बरं घरी." त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी उठून बसलो आणि पुणतांब्याला तिच्या शेजारच्या मंगलला फोन लावला. मंगल गेली. दार नुसतं लोटलेलं. आक्का परसात होती, गवती चहाच्या थोंबाजवळ भिंतीला टेकून बसलेली, हाताशी विळा आणि मांडीवर कापलेली हिरवी पाती. मंगलला वाटलं, डोळा लागलाय...

त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड लिहायची पद्धत आहे, पण आक्का गोड नव्हती आणि मीही नाही. आमच्या घरात संशय रक्तातच. माझा निदान पगारी होता, तिचा हौसेचा. वाण्याकडची डाळ ती मुठीत घेऊन उजेडात धरायची. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला ओळखपत्र मागायची आणि फोटोतली मिशी खरी आहे का ते बघायची. मी नोकरीला लागून पहिल्यांदा खाकी कपड्यात घरी गेलो, तेव्हा आई दृष्ट काढायच्या तयारीत, आणि आक्का म्हणाली, "पट्टा कुनाचा मागून आनला रं?" नेमणुकीचा कागद दाखवला तेव्हा कुठे तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. भावजय, जावई, डॉक्टर, कुणालाही तिने पहिल्या भेटीत खरं मानलं नाही. पण एकदा तपासून घेतलेलं माणूस मात्र तिने कधी सोडलं नाही, हेही सांगायला हवं.

हे कुठून आलं, ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. आम्ही मूळचे जामखेड तालुक्यातले, खर्ड्याच्या बाजूचे. मी चार-पाच वर्षांचा असेन, आक्का दहा-बारा वर्षांची. शेजारच्या वाडीत एका मोठ्या घरचं लग्न होतं आणि आमच्या वस्तीला जेवणाचं सांगणं आलं होतं. सगळं गाव उठल्यावर आमची पंगत बसली, गोठ्याच्या अंगाला. पानात भात आला, आमटी आली, लापशी यायची होती. मी लापशीकडे डोळे लावून बसलेलो. आक्काने आमटीत बोट बुडवून चाटलं, उठली आणि सरळ मांडवामागे गेली. तिथे दोन पातेली होती. एकात गावाची आमटी, आणि दुसऱ्यात उरलासुरला गाळ घेऊन वरून पाणी ओतून वाढवलेली आमची. ती परत आली, माझ्या बगलेत हात घालून मला पानावरून उचललं आणि चालायला लागली. मी लापशीसाठी वाटभर गळा काढला. मागून वडील आले, ते तिला रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मला तिच्याकडून कडेवर घेतलं. आईने त्या दिवशी पुन्हा चूल पेटवली.

त्यानंतर आक्का कुठेही जेवायला गेली की आधी पातेलं बघायची. बघितल्याशिवाय घास घ्यायची नाही. लोकांना वाटायचं बाई आगाऊ आहे. तिचं लग्न पुणतांब्याला झालं, दाजी रेल्वेत गँगमन होते. आक्काला मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि तिचे हात निवृत्त होईपर्यंत कणकेतच राहिले. तिथे तिचा एकच कायदा होता. पोरं असोत, रेक्टर असोत, नाहीतर तपासणीला आलेले साहेब, आमटी एकाच पातेल्यातली. एका साहेबांसाठी वेगळी भाजी करायला सांगितली, तर तिने ती केली आणि पोरांच्या भाजीत ओतून कालवली. स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवायची. मी कितीदा गेलो असेन, पण तिला बसून, कुणी वाढतंय आणि ती खातेय, असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. दाजी गेले, मुलगा पुण्याला गेला, तरी उभ्याने जेवायची सवय गेली नाही.

निवृत्तीनंतर तिचं सगळं लक्ष विहारात. तिथली बुद्धमूर्ती थायलंडहून दान आलेली. मूर्ती आली त्या दिवशी गावातून मिरवणूक निघाली, आणि आक्काने पेटीवरचा शिक्का वाचायला मला बोलावून घेतलं होतं, खरंच थायलंडचीच आहे ना म्हणून. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती पुढे बसायची आणि वंदना सांगायची. आवाज काही फार चांगला नव्हता, पण एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना पुढे बसवून वाढलं, तिला ती पुढची जागा मिळाली होती. ती तिला किती प्रिय होती, हे ती कधी बोलली नाही, पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिचं लुगडं दोरीवर दिसायचं.

आणि मग कुजबुज सुरू झाली. आक्का दर गुरुवारी शिर्डीच्या गाडीत बसते. हातात पिशवी, पिशवीवर फडकं, फडक्याखालून हिरवं काहीतरी डोकावतं. कुणाला विचारून जात नाही, कुणाला सांगत नाही. आता गुरुवारी शिर्डीला लोक कशाला जातात, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं, पण आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. त्यातून विहारात वंदना सांगणारी बाई चोरून दर्शन घेते, नवस फेडते, म्हटल्यावर काय राहिलं? विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. भला माणूस. त्यांनी तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "आक्का, लोक बोलत्यात. खरं काय ते सांगून टाका." आक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ज्याला शंका असंल त्यानं येऊन बघावं." एवढंच. पुढच्या पौर्णिमेला गुरुजींनी दुसऱ्या बाईला पुढे बसवलं, तूर्तास म्हणून. आक्का पांढरं लुगडं नेसून गेली आणि शेवटच्या ओळीत भिंतीपाशी बसली.

गंमत अशी की येऊन बघायला कुणीच तयार नव्हतं. गुरुवारी शिर्डीला आक्काच्या मागे जायचं म्हणजे स्वतःही गुरुवारी शिर्डीत दिसायचं. उद्या आपल्याच नावाची कुजबुज झाली तर? शेवटी गुरुजी श्रीरामपूरला माझ्याकडे आले. चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही तपासनीस. एवढी एक तपासणी करा." मी त्यांना दारापर्यंत पोचवलं, पण खरं सांगायचं तर मला त्यांनी सांगायची गरजच नव्हती. मला आधीपासून शंका होती. गेले काही महिने आक्काच्या अंगाला एक वास येत होता, आंबटसर, काढ्यासारखा, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याचा वास कसा असतो ते मला माहीत नव्हतं. बहीण असली म्हणून काय झालं... विनातिकीट माणसांत नातेवाईकही असतात.

मी तिच्या मागे गेलो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. पुणतांब्याच्या फाट्यावर टपरीमागे उभा राहिलो, ती गाडीत चढल्यावर मागच्या दाराने चढलो आणि पेपर उघडून धरला. शिर्डीला उतरून ती माणसांच्या लोंढ्यात शिरली. हारवाले, पेढेवाले, लॉजचे एजंट, आंध्राकडच्या गाड्या. मंदिराच्या रस्त्याचं वळण जवळ आलं तसं मी अंतर कमी केलं. मनात म्हटलं, आक्के, वळू नकोस. ती वळली नाही. सरळ पुढे गेली, लॉजच्या ओळीत एका हॉटेलाच्या पायऱ्या चढली आणि चपला घालूनच आत गेली. वर पाटी होती. पाटीवर हत्ती, नारळाचं झाड आणि 'प्युअर व्हेज थाई'. मी पाटी पुन्हा वाचली.

आत गेलो तर ती भिंतीकडच्या टेबलाशी खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर, पाठ टेकून. मी दुसऱ्या कोपऱ्यात बसलो आणि मेनूकार्ड तोंडापुढे धरलं. थोड्या वेळाने एक तिशीतला मुलगा, राहात्याकडचाच, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "काका, आजी म्हनत्यात, कार्ड उलटं हाय. तिकडं बसा." हाच प्रशांत, हॉटेलचा मालक. मी उठून गेलो. आक्का म्हणाली, "फाट्यावरच बघितलं मी तुला. टपरीच्या मागून पोट बाहेर आल्तं."

मी सरळ विचारलं, "आक्का, तू इथे कशाला येतेस?"

"तपासायला," ती म्हणाली.

मग कळलं. डोळे दाखवायला ती एका गुरुवारी शिर्डीला आली होती. तहान लागली म्हणून या हॉटेलात शिरली, आणि हात धुवायला गेली तर बेसिनच्या कडेला भगवान बुद्धांची मूर्ती. सोनेरी रंगाची, हातभर उंच, शोभेला ठेवलेली. समोर साबणाची बाटली, आणि कुणीतरी ओला नॅपकिन मूर्तीच्या खांद्यावर वाळत टाकलेला. त्यानंतर त्या हॉटेलात काय झालं असेल ते मी पाहिलेलं नाही, पण प्रशांत हात जोडून म्हणाला, "काका, गिऱ्हाइकं उठून बाहेर गेल्ती." आक्काने त्याला विचारलं होतं, तुझ्या देवघरातल्या देवाच्या खांद्यावर नॅपकिन टाकतो का? पोरगा मुळात सरळ. त्याने माफी मागितली, मूर्ती पुसली, भिंतीवर उंच फळी ठोकून तिच्यावर ठेवली, आणि पुढे रोज सकाळी दोन फुलं वाहायला लागला. दुसरी कुणी असती तर समाधानाने घरी गेली असती. आक्काला शंका आली, आपली पाठ वळली की हा मूर्ती परत बेसिनपाशी नेणार. म्हणून पुढच्या गुरुवारी ती बघायला आली. मग त्याच्या पुढच्या.

मी म्हटलं, "अगं पण तपासणी वार बदलून करतात. दर गुरुवारी आलीस तर तो गुरुवारपुरती नीट ठेवेल."

"तुला काय कळतंय," आक्का म्हणाली. "गुरुवारी गर्दी लई. टेबलं वाढवत्यात. जागा कमी पडली की मानूस पयल्यांदा मूर्तीच सरकवतंय. तवाच बघायचं असतं."

इतक्यात सूप आलं, तिच्यासाठी न मागवताच. लालसर, वाफाळतं, आणि त्यातून तोच वास, जो मला तिच्या लुगड्याला यायचा. गवती चहा! आक्काने पिशवीवरचं फडकं काढलं आणि परसातल्या गवती चहाची जुडी प्रशांतच्या हातात दिली. बाजारातून तो आणायचा ती जुडी वाळलेली असते, अशी तिची तक्रार होती, म्हणून ती घरची आणायची. पुणतांब्यात जिला लोक नवसाचं हिरवं समजत होते ती ही. मी माझ्या वाटीत चमचा घातला आणि हुंगून बघितलं. आक्का म्हणाली, "पी. मी बी पयल्यांदा सर्दीचा काढाच समजल्ते." मग नूडल्स आल्या, वर दाण्याचा कूट भुरभुरलेला. त्याबद्दल तिचं मत चांगलं होतं. "दान्याचा कूट घालत्यात म्हंजी थायलंडची मानसं बरी असनार," ती म्हणाली आणि लगेच पुढे, "पर हितं थायलंडचं कोन बी न्हाई बरं का. आचारी दार्जिलिंगचा हाय. म्या इचारलंय." प्रशांतने मान डोलावली. तो सगळ्या चौकशांना सरावलेला दिसत होता.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, मी गुरुजींना सांगतो सगळं, पौर्णिमेला तू परत पुढे बसशील. तिने मला दंडाला धरलं. "सांगायचं न्हाई. मी काय गुन्हा केलाय जामीन द्यायला? बघायचं तर येऊन बघावं." मी पुष्कळ समजावलं. पुढची जागा तिला हवी होती हे मला दिसत होतं, तिलाही लपवता येत नव्हतं, पण हट्ट सोडला नाही. शेवटपर्यंत ती भिंतीपाशी बसली आणि गुरुवारी शिर्डीला गेली. कधी कधी मीही जायचो. प्रशांतने माझा नंबर त्याच वेळी लिहून घेतला होता, आजींचं वय झालंय म्हणून. तेव्हा मला वाटलं, हा सूपाच्या जाहिराती पाठवणार.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरलं होतं. गुरुजींनी आक्काविषयी चार चांगले शब्द बोलून झाल्यावर मी उठलो. तिने नको म्हटलं होतं, पण ती आता हट्ट धरायला नव्हती आणि तिच्या नावावर ती कुजबुज तशीच राहावी, हे मला सहन होईना. मी सगळं सांगितलं. बेसिन, नॅपकिन, फळी, गवती चहा, दाण्याचा कूट. मागून एक बाई दुसरीच्या कानात बोलली, ते मला स्पष्ट ऐकू आलं, "भाऊच हाय, असंच सांगनार." खरं सांगतो, इतक्या दुःखात मला हसू आलं. आक्का असती तर तीही असंच म्हणाली असती. पुढच्याच गुरुवारी मंडळाच्या आठ-दहा बाया गुरुजींना पुढे घालून एसटीने शिर्डीला गेल्या, बघायला. मूर्तीला वंदन केलं, तिथेच उभ्याने त्रिसरण-पंचशील म्हटलं, चौघींत एक सूप घेतलं आणि ठसका लागून परत आल्या. गुरुजींनी संध्याकाळी मला फोन केला. म्हणाले, "बघितलं." मग म्हणाले, "मी तवाच जायला पायजे हुतं."

मला मात्र अजून चैन नव्हतं. बाया गेल्या तेव्हा प्रशांतला आधी कळलं असणार, फोन केला असणार कुणीतरी. मूर्ती खरंच जागेवर असते का, हे न सांगता जाऊन बघायला हवं होतं. मी एका गुरुवारी निघालो. गर्दी होती, जादा टेबलं टाकली होती, आणि मूर्ती फळीवर होती, पुढे दोन ताजी फुलं. आक्काची खुर्ची प्रशांतने रिकामी ठेवली होती. "बसा काका," म्हणाला. मी बसलो आणि मूर्तीकडे बघायला मान वर केली, तर मूर्ती दिसेना. त्या खुर्चीवर बसलं की फळी पाठीमागे येते. इतके गुरुवार मी तिच्या समोर बसत होतो, मला मूर्ती दिसायची, म्हणून मी धरून चाललो होतो की तिलाही दिसते. माझ्यातला तपासनीस जागा झाला. मूर्ती तपासायला येणारी बाई मूर्तीकडे पाठ करून कशाला बसेल?

मग मी समोर पाहिलं. समोर स्वयंपाकघराची मोठी चौकट होती, दार नसलेली. आत शेगडीवर सूपाचं एकच मोठं पातेलं. दार्जिलिंगचा आचारी त्यात पळी घालत होता आणि वाट्या ओळीने भरत होता. एक वाटी हैदराबादकडच्या जाडजूड कुटुंबाला गेली, एक कॅमेरा गळ्यात घातलेल्या गोऱ्या जोडप्याला, एक एसी गाडीतून उतरलेल्या शेटजींना. त्याच पातेल्यातली, तीच पळी, आणि त्यातलीच पुढची वाटी घेऊन प्रशांत माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. मला पुढे काही दिसेना. मिरची लागली असं मी त्याला सांगितलं, अजून एक चमचाही न घेता.

आता मी गुरुवारी जातो. गवती चहाचं थोंब मंगल पाणी घालून जगवतेय, मी आधी पुणतांब्याला उतरून जुडी कापून नेतो. मागच्या गुरुवारी मात्र गुडघा धरला, म्हणून घरीच पडून राहिलो. दुपारी फोन वाजला.

"काका, आज आला न्हाईत?" प्रशांतच्या आवाजात तेच होतं, जे त्या दिवशी होतं.

"आहे रे बाबा, जिवंत आहे. गुडघा दुखतोय," मी म्हणालो. आणि फोन ठेवायच्या आधी राहवलं नाही, "काय रे, मी नाही म्हणून मूर्ती बेसिनपाशी नाही ना नेलीस?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "शंका असंल तर येऊन बघा."